चौदाव्या लुईची सरहद्द : आक्रमण की आत्मरक्षण?

ऑगस्ट १७१५च्या अखेरीस व्हर्सायच्या राजवाड्यात मरणशय्येवर पडलेल्या चौदाव्या लुईने आपल्या पाच वर्षांच्या पणतूला जवळ बोलावले. हाच मुलगा पुढे पंधरावा लुई म्हणून गादीवर बसायचा होता. त्याला म्हाताऱ्या राजाने केलेला उपदेश निरनिराळ्या साक्षीदारांनी थोड्याफार फरकाने टिपून ठेवला आहे. आशय मात्र एकच : इमारतींचा आणि युद्धाचा माझा नाद तू उचलू नकोस, शेजाऱ्यांशी सलोख्याने राहा, रयतेवरचा भार हलका कर. १६६१मध्ये मझारँ वारल्यावर लुईने कारभार स्वतःच्या हाती घेतला. तेव्हापासूनच्या चोपन्न वर्षांपैकी तीसहून अधिक वर्षे फ्रान्स कुठे ना कुठे लढत होता. त्या राजाचा हा उपदेश आहे.

आरोपीनेच कबुली दिल्यावर खटला चालवायचा कशाला, असे कुणालाही वाटेल. तरीही लुईचे परराष्ट्रधोरण आक्रमक होते का, हा प्रश्न गेली दोनशे वर्षे युरोपातल्या इतिहासकारांना सोडवत नाही. याचे कारण साधे आहे. लुईच्या प्रत्येक युद्धाच्या कागदपत्रांत हक्क, सुरक्षा, सरहद्द असे शब्द सापडतात, आणि ते सगळेच ढोंग होते असे म्हणता येत नाही. उलट ज्यांच्या गावांवर त्याच्या तोफा धडाडल्या त्यांच्या कागदपत्रांत दुसरेच चित्र आहे, तेही खोटे नाही. ही दोन्ही चित्रे एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे या लेखात मला तपासायचे आहे.

भीती खरी होती

लुईचा जन्म १६३८चा. त्याच्या जन्माआधी दोनच वर्षे, १६३६मध्ये, स्पॅनिश फौजांनी उत्तरेकडचे कोर्बी हे ठाणे घेतले होते आणि पॅरिसमध्ये पळापळ झाली होती. राजधानीपासून इतक्या जवळ शत्रू येऊ शकतो, ही गोष्ट फ्रेंच राज्यकर्त्यांच्या मनातून पुढे कधीच गेली नाही. स्पेन आणि ऑस्ट्रिया या दोन्ही ठिकाणी हाब्सबर्ग घराण्याच्या शाखा होत्या. दक्षिणेला खुद्द स्पेन, उत्तरेला स्पॅनिश नेदरलँड्स म्हणजे साधारण आजचा बेल्जियम, पूर्वेला लक्झेंबर्ग आणि फ्रांश-काँते, आल्प्सपलीकडे मिलान, आणि या सगळ्यांच्या मागे व्हिएन्नाचा सम्राट. नकाशावर बोट फिरवले तर फ्रान्सभोवतीचे कडे जवळपास पूर्ण होते. त्यात लुईच्या लहानपणी फ्रान्समध्ये सरदारांचे बंड झाले, तेव्हा कोंदे या नामांकित सेनापतीने थेट स्पेनची चाकरी पत्करली. घरची फूट आणि सीमेवरचा शत्रू यांची हातमिळवणी होते, हे त्या पोरवयातल्या राजाने डोळ्यांनी पाहिले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काळी दोन राज्यांच्या मध्ये आजच्यासारखी एक आखीव रेषा नव्हती. एखादे गाव एका राजाचे, त्याची पेठ दुसऱ्याची, तिथला न्याय करण्याचा हक्क तिसऱ्याचा आणि महसूल एखाद्या मठाचा, असा मामला होता. १६४८च्या वेस्टफेलियाच्या तहाने फ्रान्सला आल्सासमधले हाब्सबर्गांचे हक्क मिळाले, पण ते हक्क नेमके कुठवर पोचतात हे तहात मुद्दामच संदिग्ध ठेवले गेले. पुढच्या कित्येक भांडणांचे बी याच संदिग्धतेत होते.

तेव्हा लुईच्या हाती आलेला फ्रान्स युरोपातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा, सुमारे दोन कोटींचा देश होता आणि तरीही तो स्वतःला वेढलेला समजत होता. बलाढ्य असूनही भ्यालेला शेजारी सगळ्यात अवघड असतो. लुईची कहाणी मला इथूनच सुरू होताना दिसते.

लौकिकाची भूक

असे असले तरी राजवटीची पहिली दोन युद्धे भीतीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. १६५९च्या पिरेनीजच्या तहानंतर लुईचे लग्न स्पेनच्या राजकन्येशी, मारी तेरेझशी झाले. पाच लाख सोन्याच्या नाण्यांचा हुंडा मिळाल्यावर तिने माहेरच्या वारसावरचा हक्क सोडायचा, असे ठरले होते. स्पेनला तो हुंडा देता आला नाही. १६६५मध्ये सासरे वारले. ब्रबांटमध्ये एक जुना कायदा होता. त्यानुसार पहिल्या लग्नाच्या अपत्यांना दुसऱ्या लग्नाच्या अपत्यांआधी वारसा मिळे. वस्तुतः हा खासगी मालमत्तेचा कायदा. लुईच्या वकिलांनी तो राज्यांना लावला आणि राणीच्या नावाने स्पॅनिश नेदरलँड्सवर दावा सांगितला. १६६७मध्ये फौजा आत शिरल्या. इंग्लंड, हॉलंड आणि स्वीडन यांनी एकत्र येऊन हात रोखेपर्यंत लील, तुर्ने, दुए ही शहरे फ्रान्सच्या पदरात पडली होती. १६६८च्या तहाने ती त्याच्याकडेच राहिली.

हॉलंडने आपल्याला अडवले, हे लुई विसरला नाही. हे व्यापाऱ्यांचे प्रजासत्ताक जुना मित्र होते, फ्रान्सच्याच मदतीने ते स्पेनशी लढले होते. त्यामुळे राजाला तो कृतघ्नपणा वाटला. त्याने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला १६७०च्या गुप्त तहाने फोडले, त्याच वर्षी लोरेनचा मुलूख व्यापला, आणि १६७२च्या जूनमध्ये ऱ्हाईन ओलांडून हॉलंडवर चाल केली. काही आठवड्यांत देश गुडघ्यावर आला. डचांनी मास्त्रिख्ट, दक्षिणेकडचा मोठा मुलूख आणि भलीथोरली खंडणी देऊ केली. सरहद्द बळकट करणे एवढाच हेतू असता तर त्यापेक्षा चांगला सौदा कुठला? लुईने तो नाकारला. त्याला आणखी मुलूख हवा होताच, शिवाय डच वकिलांनी दरवर्षी त्याच्या दरबारी येऊन एक पदक अर्पण करावे आणि त्याने डचांवर कृपा केल्याचे मान्य करावे, अशी अटही होती.

फ्रेंचांचा 'ग्ल्वार' हा शब्द इथे उलगडतो. त्यात कीर्ती, इभ्रत, लौकिक हे सगळे येते. तो निव्वळ पोकळ अहंकार नव्हता. ज्याचा लौकिक मोठा त्याला शत्रू हात लावत नाही, असा त्या काळच्या राजेलोकांचा हिशेब होता. पण हॉलंडमध्ये तो हिशेब पुरता चुकला. डचांनी बंधारे फोडले, स्वतःची शेते बुडवून पाण्याचा तट उभा केला. शांततेची बोलणी करणाऱ्या पक्षाचे पुढारी डे विट बंधू हेगमध्ये जमावाच्या हातून मारले गेले आणि एकवीस वर्षांचा ऑरेंजचा विल्यम पुढे आला. हा माणूस पुढची तीस वर्षे लुईविरुद्धच्या प्रत्येक आघाडीचा कणा होता. त्याला लुईनेच घडवले, असे म्हणायला हरकत नाही.

या युद्धाचा धक्का आपल्या किनाऱ्यापर्यंतही पोचला होता. १६७२मध्ये फ्रेंच आरमाराने मद्रासजवळचे सेंट थोम घेतले. गोवळकोंडा आणि डच यांनी मिळून दोन वर्षांनी ते सोडवले. तिथून उरलेले फ्रेंच पाँडिचेरीत स्थिरावले. शिवाजी महाराजांच्या कर्नाटक मोहिमेच्या वेळी त्यांच्याशी बोलणी करणारा फ्रांस्वा मार्तँ तो इथलाच. पुढे १६९३मध्ये डचांनी पाँडिचेरी जिंकली आणि युरोपात रायस्विकला तह झाल्यावर ती फ्रेंचांना परत केली. ऱ्हाईनकाठची भांडणे कोरोमंडलच्या किनाऱ्यावर मिटवली जात होती, ती अशी.

चौकोनी शेत

हॉलंडचे युद्ध १६७८-७९मध्ये नायमेखनच्या तहांनी संपले. गंमत म्हणजे ज्याला धडा शिकवायचा होता त्या हॉलंडचा एक इंचही गेला नाही. किंमत मोजली ती स्पेनने. फ्रांश-काँते आणि उत्तरेकडची कांब्रे, व्हालांसिएन, ईप्र अशी ठाणी फ्रान्सला मिळाली. याच सुमारास धोरणाचा सूर बदलला. त्या बदलामागे एका स्थापत्यकाराची दृष्टी होती.

व्होबाँ हा वेढ्यांचा आणि किल्ल्यांचा जाणकार. १६७३च्या जानेवारीत त्याने युद्धमंत्री लुव्हुआला लिहिले की राजाने आपले शेत चौकोनी करून घ्यावे. मित्रांची आणि शत्रूंची ठाणी एकमेकांत मिसळलेली असली की राखण महाग पडते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर विखुरलेल्या तुकड्यांपेक्षा एकगठ्ठा जमीन बरी, बांध कमी लागतो. त्याप्रमाणे उत्तर सीमेवर किल्ल्यांच्या दोन ओळी उभ्या राहिल्या. काही ठाणी सोडून द्यावीत, पाडावीत, असेही व्होबाँ सांगत असे. अमर्याद विस्ताराची स्वप्ने पाहणारा माणूस असे सांगत नाही.

पण शेत चौकोनी करायचे तर बांधापलीकडची जमीन कुणाची तरी असतेच. लुईने १६७९नंतर मेट्स, ब्रायझाख, बझांसाँ इथे खास न्यायालये बसवली. तहाने मिळालेल्या गावांवर पूर्वी कोणकोणते मुलूख अवलंबून होते, याचे जुने दस्तऐवज काढायचे आणि ते मुलूख फ्रान्सला 'पुन्हा जोडायचे', हे त्यांचे काम. वादी फ्रान्सचा राजा, न्यायाधीश फ्रान्सच्या राजाचे, आणि निकालाची अंमलबजावणी करणारी फौजही त्याचीच. ३० सप्टेंबर १६८१ला स्ट्रासबूर्ग या स्वतंत्र साम्राज्यनगराने असला निकाल वगैरे काही नसताना, फौजेचा वेढा पाहून दरवाजे उघडले. त्याच दिवशी इटलीत कासाले इथे फ्रेंच फौज शिरली. १६८४मध्ये लक्झेंबर्ग पडले.

लष्करी नजरेने पाहिले तर स्ट्रासबूर्गचा मुद्दा बिनतोड होता. तिथल्या ऱ्हाईनच्या पुलावरून सम्राटाची फौज मागच्या युद्धात वारंवार आल्सासमध्ये उतरली होती. दार बंद करायचे तर ते शहर हवे. पण तोच पूल उलट्या दिशेनेही चालतो. फ्रान्सच्या हाती तो आल्यावर जर्मनीचे दार उघडे पडले. पुढे व्हिएन्ना १६८३मध्ये तुर्कांच्या वेढ्यात होती तेव्हा लुईने मदत केली नाही. त्या अडचणीचा फायदा घेऊन त्याने १६८४मध्ये रेगेन्सबुर्ग इथे वीस वर्षांचा तहनामा पदरात पाडून घेतला आणि घेतलेले मुलूख तेवढ्या मुदतीपुरते कबूल करून घेतले. एकही मोठी लढाई न करता त्याने या काळात जेवढे मिळवले तेवढे क्वचितच दुसऱ्या कुणी मिळवले असेल. गमावले मात्र काहीतरी वेगळेच, आणि ते नकाशावर दिसत नव्हते.

जळालेली दोन खोरी

१६८५मध्ये लुईने नांतचा फर्मान रद्द केला आणि सुमारे दोन लाख प्रॉटेस्टंट देश सोडून गेले. त्यांच्या तोंडून फ्रान्सची हकीकत हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्गच्या घराघरांत पोचली. पुढच्या वर्षी जर्मन राजांनी आउग्सबुर्ग इथे संघ केला. १६८८च्या सप्टेंबरमध्ये सम्राटाच्या फौजांनी तुर्कांकडून बेलग्रेड घेतले. आता सम्राट मोकळा होणार आणि ऱ्हाईनकडे वळणार, हे लुईला स्पष्ट दिसले. त्याने आधीच घाव घालायचे ठरवले. त्याच्या जाहीरनाम्यातली मुख्य मागणी होती ती रेगेन्सबुर्गचा तात्पुरता तह कायमचा करण्याची. म्हणजे हातात आहे ते राहू द्या. नवा मुलूख त्याला जवळजवळ नकोच होता. तीन-चार महिन्यांत मामला आटोपेल, असा अंदाज होता. युद्ध नऊ वर्षे चालले.

लुईचा हेतू बचावाचा असल्याचे सर्वांत जास्त पुरावे याच युद्धात आहेत, आणि त्याच्या नावावरचे सर्वांत काळे पानही याच युद्धातले. शत्रूला ऱ्हाईनकाठी दाणागोटा मिळू नये, म्हणून १६८९मध्ये पॅलेटिनेटचा प्रदेश पद्धतशीर उजाड करण्यात आला. मानहाइम जमीनदोस्त झाले, हायडेलबर्ग जाळले गेले, श्पायर आणि व्होर्म्स ही पुरातन शहरे पेटवली गेली. आपल्या सीमेपुढे एक ओसाड पट्टा असला की सीमा सुरक्षित, हा त्यामागचा विचार. लुईच्या धाकट्या भावाची बायको लिझलोटं ही याच पॅलेटिनेटची राजकन्या. तिच्याच वारशाच्या नावाने तिच्या माहेरावर चढाई झाली होती. तिने आपल्या पत्रांत या जळिताचे दुःख व्यक्त केले आहे. त्या भागातले लोक पुढे कित्येक वर्षे आपल्या कुत्र्यांना मेलाक म्हणत. मेलाक हे जाळपोळ करणाऱ्या एका फ्रेंच सेनापतीचे नाव.

फ्रान्सची रयतही सुटली नाही. फौज साडेतीन लाखांच्या घरात गेली. युरोपने एवढी फौज एका राजाच्या हाती पूर्वी पाहिली नव्हती. त्यातच पिके बुडाली आणि १६९३-९४च्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. १६९७च्या रायस्विकच्या तहात लुईने स्ट्रासबूर्ग ठेवले, पण लक्झेंबर्ग परत केले, लोरेन परत केले, आणि ज्याला तो लुटारू म्हणत आला त्या विल्यमला इंग्लंडचा राजा म्हणून मान्यता दिली.

मृत्युपत्र

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रसंग. स्पेनचा दुसरा कार्लोस निपुत्रिक होता. त्याच्या मागे स्पेन, इटलीचा मोठा भाग, नेदरलँड्स आणि अमेरिकेतले साम्राज्य कुणाचे? एकोणिसाव्या शतकात मिन्ये या फ्रेंच इतिहासकाराने तर लुईची सगळी राजवट याच प्रश्नाभोवती फिरते, असे मांडले. इथे लुई इतका समजूतदारपणे वागला की आधीचा तोच का हा, असे वाटावे. १६९८मध्ये आणि पुन्हा १७००मध्ये त्याने जुना शत्रू विल्यम याच्याबरोबर वाटणीचे करार केले. दुसऱ्या करारात तर खुद्द स्पेन आणि अमेरिका सम्राटाच्या धाकट्या मुलाला द्यायचे त्याने कबूल केले. सम्राट लिओपोल्डने मात्र सही केली नाही, त्याला सगळेच हवे होते.

१ नोव्हेंबर १७००ला कार्लोस वारला. मृत्युपत्रात त्याने सगळे साम्राज्य लुईच्या नातवाला, फिलिपला ठेवले होते. फिलिप आणि त्याचा भाऊ यांनी नाकारले तर सगळेच सम्राटाच्या मुलाला जाणार होते. लुईपुढे दोन वाटा होत्या. मृत्युपत्र नाकारून कराराला चिकटावे, तर आपल्या वाट्याचे मिळवायलाही लढावे लागणार आणि मदतीला कोण येईल याची खात्री नाही. स्वीकारावे, तर सम्राटाशी युद्ध. पण कायदा तरी आपल्या बाजूला. त्याने स्वीकारले. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने वेगळे काही केले असते, असे मला वाटत नाही. आणि गंमत अशी की इंग्लंड आणि हॉलंड या दोघांनीही १७०१मध्ये फिलिपला राजा म्हणून मान्यता दिली.

मग युद्ध पेटले कशाने? पुढच्या दहा महिन्यांतल्या चार गोष्टींनी. फिलिपचा फ्रान्सच्या गादीवरचा हक्क कायम असल्याचे लुईने अधिकृतपणे नोंदवले. स्पॅनिश नेदरलँड्समधल्या ज्या किल्ल्यांत डचांचे पहारे होते तिथे एका रात्रीत फ्रेंच फौजा शिरल्या. स्पॅनिश अमेरिकेला गुलाम पुरवण्याचा मक्ता फ्रेंच कंपनीला गेला. आणि पदच्युत जेम्स वारताच त्याच्या मुलाला लुईने इंग्लंडचा राजा म्हटले, म्हणजे रायस्विकचा शब्द मोडला. यांतल्या प्रत्येक गोष्टीचे समर्थन त्याच्या मंत्र्यांपाशी तयार होते. पण ऐकून घ्यायला कुणी उरले नव्हते. १६६७ आणि १६७२ची आठवण, स्ट्रासबूर्गचे दरवाजे, हायडेलबर्गची राख हे सगळे ज्यांच्या डोळ्यांपुढे होते त्यांना या चार गोष्टींत एकच अर्थ दिसला.

सावकारीत ज्याला पत म्हणतात ती राज्यांनाही असते. १६७२पासून लुई ती खर्चत आला होता. १७००मध्ये त्याला प्रथमच तिची खरी गरज पडली, तेव्हा पेटी रिकामी होती.

निवाडा

गेल्या शतकात झेलेर याने लुई 'नैसर्गिक सीमां'च्या मागे लागला होता, ही जुनी समजूत खोडून काढली. अमेरिकन अभ्यासक जॉन लिन याने लुईच्या उत्तरकाळातली उद्दिष्टे मुख्यतः बचावाची, पण रीत आक्रमक असल्याचे दाखवले. हे मला पटते, पण तेवढ्यावर थांबावेसे वाटत नाही. उद्दिष्ट आणि रीत असे दोन कप्पे केले की राजाला अर्धी माफी मिळते. शेजाऱ्याला त्याच्या मनातले उद्दिष्ट दिसत नव्हते, त्याच्या वाट्याला रीतच आली. आणि लुईला हवी असलेली सुरक्षा अशी होती की ती पूर्ण झाली असती तर बाकी कुणीच सुरक्षित राहिले नसते. अशा सुरक्षेच्या मागणीला मी आक्रमकच म्हणेन, ती करणारा मनातून कितीही भ्यालेला असो.

मात्र दुसरी बाजूही याच मापाने मोजावी लागते. १७०९च्या भयंकर हिवाळ्यानंतर लुई तह मागत होता. आल्सासमधली ठाणीही सोडायला तयार होता. तेव्हा दोस्तांनी अट घातली की नातवाला स्पेनमधून काढण्याची जबाबदारी त्याने घ्यावी, गरज पडल्यास शस्त्रानेसुद्धा. लुईने ती नाकारली आणि तह का मोडला हे सांगणारे पत्र गावोगाव जाहीर केले. त्या घटकेला आक्रमक कोण होते? आदल्याच वर्षी लीलचा बालेकिल्ला घ्यायला दोस्तांना चार महिने लागले होते. १७१२मध्ये दनँला पारडे फिरले. व्होबाँची तटबंदी त्या दिवसांत खरोखर फ्रान्सची राखण करत होती.

१७१३-१४च्या तहांनी फिलिपला स्पेन मिळाले, फ्रान्सकडे लील, आल्सास, स्ट्रासबूर्ग राहिले. लुईला हवी असलेली सरहद्द बहुतांशी आजही तीच आहे. पण तुर्ने, ईप्र, मेनँ ही ठाणी त्याच्या हातून गेली. त्याच्या मृत्यूनंतर दोन-अडीच महिन्यांनी झालेल्या कराराने त्यांत डच पहारे बसले. बुरूज व्होबाँच्या काळातले, पैसा फ्रेंच रयतेचा. आणि त्यांवर उभे राहून परदेशी शिपाई आता फ्रान्सवर नजर ठेवत होते.